मामाकडची पिवळी साडी

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी नवरीची साडी कुठे असते, सांगता येईल का तुम्हाला?

तुम्ही म्हणाल, इस्त्री होऊन पलंगावर ठेवलेली असते. नाहीतर नवरीची एखादी मावशी ती पुन्हा पुन्हा उलगडून सगळ्यांना दाखवत असते. माझं तसं नव्हतं. मी एका लोखंडी पेटीत होते. पेटीला कुलूप होतं. आणि किल्ली जिच्या कमरेला होती त्या बाईने ठरवलं होतं, की मी या घराचा उंबरठा ओलांडायचा नाही.

मी आसावरीची अष्टपुत्री. गौरीहर पुजताना नवरी जी पिवळी साडी नेसते, ती मी. माझ्यासारख्या साड्या बहुतेक दुकानातून येतात. माझा जन्म मात्र जयपूरला, चांदपोल दरवाज्याच्या आतल्या एका गल्लीत, आसावरीच्या मैत्रिणीच्या हातून झाला. तिचं नाव द्वारका.

आसावरीचे वडील पंढरीनाथ विमा कंपनीत अधिकारी. मूळचे साताऱ्याचे, पण बदली होऊन जयपूरला आले आणि जवाहर नगरात राहू लागले. आसावरीला सातवीत तिथल्या शाळेत घातलं. नव्या शाळेत पहिल्या दिवशी तिला कुणी जागा देईना, तेव्हा द्वारकाने आपलं दप्तर मांडीवर घेऊन तिला बाकावर बसवलं. त्याला आता अकरा वर्षं झाली होती. द्वारका रंगाऱ्याची मुलगी. तिचे वडील बलवंतजी कपडे रंगवायचे, आई कलावती बंधेज बांधायची, आणि द्वारका घरीच शिवणाचं काम करायची.

त्या जानेवारीत आसावरीचं लग्न पुण्याच्या शुभंकरशी ठरलं. ठरल्याच्या तिसऱ्या दिवशी ती द्वारकाकडे आली. मी तेव्हा पांढरी मलमल होते, फळीवर ताग्यात गुंडाळलेली. दोघी बोलत हिंदीत. मी तुम्हाला मराठीत सांगते.

"द्वारका, माझी लग्नाची साडी तूच करायचीस."

"मी? वेडी झालीस? लोक बनारसहून मागवतात."

"शालू आई घेणारच आहे. ही वेगळी. ही मामाने द्यायची असते. आणि मला मामा नाही. मतलब, आईला सख्खा भाऊच नाही. आई म्हणते चुलत मामाला सांगू. त्याला मी आयुष्यात दोनदा बघितलंय. त्यापेक्षा तू दे ना."

द्वारकाने तोंडातली सुई काढून बाहीला टोचली. "रंग?"

"पिवळी. लाल काठांची."

द्वारका क्षणभर तिच्याकडे बघत राहिली. "पिवळी? पक्कं?"

"आमच्यात पिवळीच असते."

"बरं. आणि लांबी?"

"नऊ वार."

"नऊ! अगं, त्यात मी, माझी आई आणि आमची शेळी, तिघीही झाकल्या जाऊ!"

आसावरी हसली. पण जाताना दारात थांबून म्हणाली, "खरंच करशील ना? मला ती दुसऱ्या कुणाची नकोय." द्वारकाने नुसती मान हलवली. माणसं शपथा घेतात, हातावर हात मारतात. मला मात्र ती हललेली मान पुरेशी वाटली. दुसऱ्याच दिवशी तिने मला ताग्यातून मोजून कापलं.

मग तीन महिने मी तिच्या मांडीवर होते. बंधेज म्हणजे काय ते सांगते. चिमूटभर कापड नखाने उचलायचं, त्याला दोऱ्याचे घट्ट वेढे द्यायचे. रंगात बुडवल्यावर तेवढ्या जागी रंग शिरत नाही, आणि दोरा सुटला की तिथे पांढरा ठिपका उमलतो. त्याला दाणा म्हणतात. द्वारकाने त्यासाठी करंगळीचं नख वाढवलं होतं. लोकांचे ब्लाऊज शिवून झाले, की उरलेल्या वेळात ती मला घ्यायची. कधी गुणगुणायची, कधी मला घेऊनच पेंगायची.

रविवारी आसावरी यायची आणि म्हणायची, "मला पण बांधू दे." तिने बांधलेले दाणे बघून द्वारका म्हणायची, "हे काय, साबुदाणा भिजवलायस की काय?" आसावरी गेली की ती सैल दाणे सोडून पुन्हा बांधायची. दोन-चार मात्र तिने तसेच राहू दिले. माझ्या पदरावर ते आजही वेडेवाकडे दिसतात.

एप्रिलमध्ये बलवंतजींनी मला रंगवलं. मी इतकी लांब, की त्यांना शेजारून मोठं घंगाळ मागून आणावं लागलं. आधी सगळी पिवळी झाले. मग काठ तेवढे बाहेर ठेवून बाकीचं अंग प्लॅस्टिकमध्ये आवळून बांधलं आणि काठ लाल केले. बलवंतजी फार कमी बोलत. गडद की फिकट, एवढंच त्यांनी मुलीला विचारलं. कुणाची, कशासाठी, हे रंगाऱ्याने विचारायचं नसतं असं त्यांचं मत होतं.

कलावतीने मला पांढरी असताना पाहिलं होतं, गिऱ्हाइकाचं काम समजून; रंगवताना मात्र ती घरी नव्हती. तिची आई आजारी होती म्हणून ती महिनाभर माहेरी, दौशाकडच्या गावी गेली होती. ती परतली तेव्हा लग्नाला दहा दिवस उरले होते. मी गच्चीवर दोरीला होते, दोरे सुटलेले, सगळे दाणे उघडलेले. पदराला द्वारकाने सोनेरी गोटा, म्हणजे जरीची फीत, लावला होता. मला वाटलं, आता ही मला बघून खूश होईल. सगळ्या गल्लीत बंधेज ओळखावं तर कलावतीने, असं मी ऐकलं होतं.

तिने मला बघितलं आणि विचारलं, "हा पीला कुणाचा? कुणाकडे बाळ झालं?"

"आसावरीची आहे," द्वारका म्हणाली.

"आसावरीची?" कलावती जिन्याच्या पायरीवर बसलीच. "लग्नाच्या आधी?"

"नाही गं माँ! लग्नाचीच आहे!"

"मी तेच तर म्हणतेय!"

तेव्हा मला कळलं मी कोण आहे. तिकडे लाल काठांचं पिवळं वस्त्र बाळंतीण अंगावर घेते. मूल झालं की तिच्या माहेरून ते येतं. रस्त्यात कुणाच्या अंगावर पीला दिसला, की बायका न सांगता ओळखतात, हिच्या घरी पाळणा हललाय. नवरी लाल नेसते. पिवळं कधीच नाही.

"त्यांच्यात असतं माँ," द्वारका म्हणाली.

"जवाहर नगरात काय सगळे साताऱ्याचे राहतात? त्यांच्या खालच्या मजल्यावरची शर्माइन येईल, समोरची येईल. मुलगी मंडपात पीला घालून उभी! तोंडावर काही म्हणणार नाहीत, जिन्यात म्हणतील. आणि विचारतील, दिला कुणी? तर म्हणे जिवाच्या मैत्रिणीने!"

"तिने सांगितलंय तशीच केलीय मी."

"तिला काय कळतं? शाळेत शिकली ती आमच्या इथे. आणि बाहेरगावची माणसं, इतक्या वर्षांत रीत विसरली असतील. लाल कर. अजून वेळ आहे."

"नाही करणार."

द्वारका आईला उलट बोललेली मी पहिल्यांदा ऐकली. कलावतीने मला दोरीवरून ओढलं, घडी केली, पेटीत ठेवलं आणि कुलूप लावलं. घडी मात्र फार नीट केली. गोटा दुमडू नये म्हणून मधे जुनं कापड घातलं. म्हणून मी तिला दुष्ट म्हणणार नाही. परक्या मुलीचं नाव राखायला ती स्वतःच्या मुलीशी भांडत होती. आणि मुलगी आपला शब्द राखायला आईशी. दोघींच्या मधे मी, पेटीत.

पेटीच्या वरच टेलिफोन होता. म्हणून पुढचं सगळं मी ऐकलं.

आसावरीचा फोन आला. "झाली का गं?"

द्वारकाला खरं सांगता येईना. माझी आई म्हणते लोक तुला नावं ठेवतील, हे मैत्रिणीला कोणत्या तोंडाने सांगायचं? ती म्हणाली, "वाळायचीय."

तीन दिवसांनी पुन्हा फोन. "अजून वाळतेय."

आणखी चार दिवसांनी आसावरीचा आवाज असा चढला, की पेटीतही ऐकू आला. "द्वारका, मे महिना आहे! जयपूर आहे! आमच्या आईची सतरंजी दहा मिनिटांत पापडासारखी कडक होते, आणि तुझी मलमल आठवडाभर वाळते?"



मग तिकडचा आवाज एकदम खाली आला. "केलीच नाहीस का? नसेल झाली तर तसं सांग. मी रागावणार नाही."

ज्या करंगळीच्या नखाने तीन महिने मला उचललं, ते नख तेव्हा पेटीच्या पत्र्यावर टकटक वाजत होतं. द्वारकाने उत्तर न देता फोन ठेवला. त्यानंतर दोन दिवस फोन वाजलाच नाही. अंधारात पडल्या पडल्या मी म्हणायचे, मला लाल करा, हिरवी करा, फाडून पोतेरं करा, पण या मुलीने काही केलं नाही असं कुणी म्हणू नका.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी द्वारकाने स्वतःच फोन लावला. एका श्वासात म्हणाली, "केलीय. जानेवारीपासून करतेय. पेटीत आहे. किल्ली माँकडे आहे. माँ म्हणते पिवळं बाळंतीण घालते, नवरी नाही, आणि लोक तुला काहीबाही बोलतील. मी खोटं बोलले. वाळून दहा दिवस झाले."

 पलीकडून आसावरीच्या आईचा, विनयाताईंचा आवाज आला, "काय म्हणतेय गं ती?"

दुपारी उन्हात मायलेकी दोघी चांदपोलला हजर. (पेटीतून दिसलं नाही ते मी पुढे आसावरीच्या तोंडून ऐकलं.) लग्नघर सोडून! विनयाताईंच्या हातात एक डबा होता. रिकाम्या हाताने त्या कुणाच्या घरी जात नसत. आणि पिशवीत पुरावा होता.

पाणी झालं, बसा झालं. दोघी आया याआधी शाळेच्या दारात दोन-तीनदाच भेटलेल्या. मग विनयाताई आपल्या हिंदीत म्हणाल्या, "भाभीजी, हमारे में पीलाच नेसते हैं. ये देखो, मेरे शादी का फोटो."

कागद सरकल्याचा आवाज आला. मग कलावतीचा, "ये तो सफेद है!"

"नहीं नहीं..."

"द्वारका के पापा, जरा इधर आना! इनके यहाँ तो दुल्हन सफेद पहनती है!"

"अहो, फोटो ब्लॅक अँड व्हाइट है!" विनयाताई रडकुंडीला आल्या. आसावरीला हसू आवरेना. तिच्या हसण्याने द्वारकाही हसली, किती दिवसांनी.

"मग यात पिवळं कुठंय?" कलावती काही हटेना.

तेव्हा विनयाताईंनी फोटो बाजूला ठेवला आणि माझं नाव समजावून सांगितलं. अष्टपुत्री. आठ मुलांची आई हो, असा आशीर्वाद.

"आठ?" कलावती म्हणाली. "इथे एकाला जेवायला बसवताना जीव जातो! आमच्याकडे मूल झाल्यावर पिवळं देतात, तुमच्याकडे आधीच देऊन ठेवतात. एवढी घाई कुणाला, तुम्हाला की जावयाला?"

"माँ!" द्वारका ओरडली. पण आता सगळेच हसत होते, आणि मला वाटलं, पेटीचा पत्रा थोडा गार झाला.

मग कलावतीने विचारलं, "हे देतं कोण?"

"मामा."

तिचा आवाज बदलला. "मामा? आमच्यातही भाचीच्या लग्नात कपडे मामाच आणतो. मायरा म्हणतात त्याला. मायऱ्याशिवाय आमच्यात बहीण मंडपात ताठ उभी राहत नाही. तर मग तुमचा मायरा कोण आणतंय?"

"मुझे भाई नहीं है," विनयाताई म्हणाल्या. घरात मीठ संपलंय हे शेजारणीला सांगावं तशा, पटकन. "चुलत भाऊ होता येणार, तो येत नाही म्हणाला. असू दे. सवय आहे मला. भाऊबीजेला मी चंद्राला ओवाळते. हमारे में ऐसा रहता है, भाई नहीं तो चाँद."

 बाहेर शेळी ओरडली.

मग कलावतीने विचारलं, "डब्यात काय आहे?"

"गुळपापडी. लग्नाची केली होती, म्हटलं द्वारकाला..."

"गूळ आहे ना त्यात?"

"हो. गुळाचीच."

"आमच्यात बहीण मायऱ्याचं निमंत्रण द्यायला स्वतः भावाच्या घरी जाते. गूळ घेऊन. लग्नाच्या आधी." डब्याचं झाकण उघडलं. "तुम्ही चालत आमच्या दारी आलात. गूळ आणलात. आता आणखी काय राहिलं?"

विनयाताईंना आधी कळलंच नाही. मला कळलं, कारण मी त्या घरात जन्मले होते. द्वारकालाही कळलं. ती "माँ!" म्हणाली.

कलावतीने नवऱ्याला हाक मारली. बलवंतजी हात पुसत आत आले. तिने त्यांना काय सांगितलं ते हळू होतं. ते आपले हात पुढे करून म्हणाले, "माझे हात असे. कितीही धुतले तरी रंग जात नाही. तुमच्याकडे पुण्याची मोठी माणसं येतील."

"येऊ देत," विनयाताई म्हणाल्या. आता त्या मराठीतच बोलत होत्या आणि कुणालाच ते खटकलं नाही. "भावाचे हात कसे आहेत ते बघायला मी कुणाला बोलावलं नाही."

बलवंतजींनी गुळपापडीची एक वडी उचलून तोंडात घातली. मग विचारलं, "बहनजी, कितने बजे आना है?"

"सात," आसावरीने सांगितलं.

"साडेसहाला येतो."

आणि तेव्हा किल्ली फिरली. इतक्या दिवसांनी उजेड इतका अंगावर आला, की मी आणखीच पिवळी झाले असेन. कलावतीने मला बाहेर काढलं, पदर हातावर पसरला आणि पहिल्यांदाच नीट पाहिलं. एकेक दाणा बोटाखालून घातला. लेकीच्या कामाचं कौतुक तिने शब्दात केलं नाही. फक्त म्हणाली, "हे चार कुणी बांधले? शेळीने?"

"चाचीजी, ते मी बांधले," आसावरी म्हणाली.

"चाचीजी नाही. आता मामी."

आसावरीने द्वारकाच्या दंडाला करकचून चिमटा काढला. "वाळतेय म्हणे!" आणि तिच्याच गळ्यात पडली.

"आणि त्या शर्माइनने विचारलं तर?" द्वारकाने आईला विचारलं.

"मी उभी असेन ना तिथे. मीच सांगेन."

विनयाताईंनी मला न्यायला पिशवी पुढे केली, पण कलावतीने ती परत केली. मायरा असा पिशवीतून जात नाही, तो भाऊ घेऊन येतो, म्हणाली. मी त्या घरात आणखी एक रात्र राहिले. पेटीत नव्हे, पितळी ताटात.

आता या गोष्टीला चार वर्षं झाली. मी पुण्यात असते, आसावरीच्या कपाटात, जुन्या मऊ धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली. तिला मुलगी झाली तेव्हा जयपूरहून मामीचा फोन आला होता, "आता आमच्या रीतीने घाल." मग बारशाला आसावरी मला पुन्हा नेसली. सासूबाईंनी विचारलं, लग्नातली साडी बारशाला का गं? तिने सगळी हकीकत सांगितली, आणि सासूबाई डोळे पुसत हसल्या. द्वारकाचं लग्न झालं, ती जयपूरच्याच बनी पार्कात राहते, तिचं स्वतःचं शिवणाचं दुकान आहे. दोघी दर रविवारी फोनवर बोलतात आणि एकमेकींचं ऐकून न घेता बोलतात.

तुमच्याही कपाटात कुणीतरी हाताने केलेलं एखादं वस्त्र असेल. जपून ठेवलं म्हणजे झालं, असं समजू नका. कापड वापराने फाटत नाही तितकं घडीवर तुटतं. वर्षातून दोनदा तरी आमची घडी मोडा, उलटी घाला, वारा लागू द्या. आणि जिने ते केलं ती हयात असेल, तर त्या दिवशी तिला एक फोन करा. एवढंच मागणं आहे.

राहता राहिली ती सकाळ. दुसऱ्या दिवशी साडेसहाला बलवंतजी डोक्यावर मोठा लाल साफा बांधून, मला ताटात घेऊन, कलावती आणि द्वारकाबरोबर जवाहर नगरच्या मंडपाच्या दारात उभे राहिले. विनयाताईंनी त्यांना पाटावर उभं करून ओवाळलं. द्वारकाने आसावरीला मला नेसवायला घेतलं, नऊ वार कुठून कुठे जातात ते न कळून दोनदा सोडलं, आणि शेवटी विनयाताईंनी येऊन काष्टा घातला. मुहूर्ताला भटजींनी "नवरीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं" असं म्हटलं, तेव्हा बलवंतजी उठले आणि आसावरीचा हात धरून तिला बोहल्यावर घेऊन आले.